‘आम्हांला परीक्षेत आणू नको’: मोहाच्या क्षणाचे तुमचे अनुभव इथे लिहा

येशूने शिष्यांना शिकवलेली प्रभूची प्रार्थना मी लहानपणापासून म्हणतोय. पण गेल्या काही महिन्यांत एका ओळीपाशी रोज अडखळायला होतंय: ‘आणि आम्हांला परीक्षेत आणू नको, तर आम्हांला वाइटापासून सोडव.’ मूळ ग्रीकमध्ये तिथे ‘पेइरास्मोस’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ परीक्षाही होतो आणि मोहही. आपल्याकडे प्रार्थनेत परीक्षा म्हणतात, बोलताना मात्र आपण मोह म्हणतो. देव कुणाला पापाच्या मोहात पाडत नाही, हे बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (१:१३) स्पष्ट लिहिलंय. त्यामुळे ही ओळ अनेकांना खटकत आली आहे. फ्रेंच कॅथलिक मंडळीने २०१७ च्या आगमनकाळापासून (नाताळाआधीचे चार आठवडे) तिचं भाषांतर बदललं आणि ‘आम्हाला मोहात शिरू देऊ नकोस’ अशा अर्थाचं केलं. इटलीतही २०२० च्या अखेरीस बदल झाला.

पण मला इथे भाषांतराची चर्चा नको आहे, तुमचे अनुभव हवे आहेत. मंडळीत साक्ष द्यायला उभं राहणाऱ्यांच्या गोष्टी बहुतेक मोठ्या असतात. वीस वर्षांचं व्यसन एका रात्रीत सुटलं, अशा. त्या खऱ्या असतात आणि त्यांबद्दल देवाचे आभार. तरी आपल्यातल्या बहुतेकांची लढाई एखाद्या साध्या दुपारी, कुणी बघत नसताना होते, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. म्हणून तीच लिहा. हरलात ते आधी लिहा. दुसऱ्या कुणाची ओळख पटेल असं मात्र काही लिहू नका.

सुरुवात माझ्यापासून करतो. कामानिमित्त केलेल्या प्रवासखर्चाच्या पावत्या जमा करायच्या होत्या. तो महिना घरी फार ओढाताणीचा होता. एका पावतीवर हाताने लिहिलेला आकडा होता, इंग्रजी तीनपासून सुरू होणारा. तीनचा आठ करायला डावीकडे दोन बारीक वळणं पुरतात. तपासणारं कुणी नव्हतं. पेन मी कागदावर टेकवलंसुद्धा होतं, त्याचा निळा ठिपका त्या पावतीवर राहिला. त्या वेळी मला कुठलंही बळ देणारं वचन आठवलं नाही. आठवलं ते एवढंच, की आदल्या रात्री मुलांबरोबर ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ असं म्हटलं होतं. मग ही भाकर मी कुणाकडे मागत होतो? अरण्यात प्रभूपुढे आलेला पहिला मोहही भाकरीचाच होता, धोंड्यांच्या भाकरी करण्याचा. तीनचा तीनच ठेवला. पैसे पुढे कुठूनही आले नाहीत, महिना ओढाताणीतच गेला. हे मुद्दाम सांगतोय, कारण अशा गोष्टींच्या शेवटी चमत्कार जोडायची आपल्याला सवय आहे.

* * *

मी विवाहित आहे, दोन मुलं आहेत. एका सहकाऱ्याशी कामाचं बोलता बोलता इतर बोलणं सुरू झालं. त्यात वावगं असं काही नव्हतं. माझं कुणीतरी नीट ऐकून घेत होतं, इतकंच. मग एक दिवस लक्षात आलं, की घरी आल्यावर मी फोन पालथा ठेवायला लागले आहे. आधी कधी ठेवत नव्हते. स्क्रीन खाली, पाठ वर. मला कुणी विचारलं असतं तर मी छातीठोकपणे म्हणाले असते की आमच्यात काहीही नाही. पण हाताला आधीच कळलं होतं.

योसेफाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. त्याचा मालक पोटीफर, त्याच्या बायकोने योसेफाचं वस्त्र धरलं आणि तो ते तिच्या हाती सोडून पळाला. पण उत्पत्तीच्या ३९ व्या अध्यायातली त्याआधीची ओळ मी कधी नीट वाचलीच नव्हती. ती रोज त्याच्या मागे लागायची आणि तो तिच्याजवळ थांबायलाही कबूल होत नसे. म्हणजे पळण्याचा तो एक क्षण येण्याआधी नकाराचे कितीतरी दिवस गेले होते. मी मात्र रोज थांबत होते आणि वेळ आली की पळेन म्हणत होते.

मी कामाची तुकडी बदलून मागितली. कारण विचारलं तेव्हा ‘वैयक्तिक’ म्हणाले. हातात आलेली चांगली जबाबदारी गेली. लोकांना वाटलं मला काम झेपत नाही. नवऱ्याला सांगितलं, तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. योसेफही त्यानंतर तुरुंगातच गेला होता ना, राजवाड्यात नाही. राजवाडा खूप नंतरचा. आमचं आता कसं आहे? बरं आहे. पूर्वीसारखं अजून नाही. फोन टेबलावर उताणा असतो.

* * *

माझं छोटंसं आहे. प्रबंधाचं एक प्रकरण अडलं होतं, मुदत दोन दिवसांवर होती. दुसऱ्या एकाच्या कामातले चार परिच्छेद शब्द फिरवून घेतले. जमा करायच्या आधी फाइल पुन्हा उघडली आणि ते काढले. प्रकरण तोकडं गेलं, शेराही तसाच आला. त्या शेऱ्यावर मी घरी रडले. तरी तो माझा शेरा होता.

* * *

वर लिहिलंय की हरलात ते आधी लिहा, म्हणून धीर करतोय. दारू सोडून १४ महिने झाले होते. मंडळीत साक्ष दिली होती, लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आणि पंधराव्या महिन्यात प्यायलो.

काय झालं होतं ते आता स्वच्छ दिसतं. त्या दिवशी जेवलो नव्हतो, भावाशी भांडण झालं होतं, घरी कुणी नव्हतं आणि दोन रात्री झोप नव्हती. व्यसनमुक्तीच्या गटात हेच चार शब्द पहिल्या आठवड्यात शिकवतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. चारांपैकी एक असेल तर सावध राहा. माझ्याकडे चारही होते, आणि मी मात्र ‘माझा विश्वास मजबूत आहे’ म्हणत बसलो होतो. आता मत्तयच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचताना ४० दिवस आणि ४० रात्री उपास केल्यावर येशूला भूक लागली, हे वाक्य मला सगळ्यात जवळचं वाटतं. सैतान आला तो त्याच वेळी. लूक तर पुढे असंही लिहितो (४:१३), की तो संधी मिळेपर्यंत त्याला सोडून गेला. प्रभूच्या बाबतीत जर ‘संधी मिळेपर्यंत’, तर लोकांच्या टाळ्यांनी तो कायमचा जाईल असं मी का धरून चाललो होतो?

प्यायल्याच्या दुसऱ्या दिवशी सर्वांत मोठा मोह बाटलीचा नव्हता. मंडळीत परत न जाण्याचा होता. तोंड कसं दाखवणार? यहूदा आणि पेत्र या दोन शिष्यांनी एकाच रात्री प्रभूला दगा दिला: यहूदाने त्याला धरून दिलं, पेत्राने कोंबडा आरवण्याआधी तीनदा त्याची ओळख नाकारली. कोंबडा आरवला तेव्हा प्रभूने वळून पेत्राकडे पाहिलं, हे फक्त लूकने लिहून ठेवलंय. पेत्र बाहेर जाऊन रडला, पण पुन्हा इतर शिष्यांत आला. यहूदा एकटाच गेला. मी त्या रविवारी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. पाळकसाहेबांनी उपासनेनंतर काही विचारलं नाही, फक्त शेजारी येऊन बसले. आज पुन्हा ७ महिने झालेत. या वेळी दिवस मोजतो, पण सांगत फिरत नाही.

* * *

वरच्या दादांचं ‘एकटा गेला’ वाचून लिहायला बसलो. मी कॅथलिक आहे, वय २६. अश्लील चित्रफिती बघायची सवय शाळेत असताना लागली. दर पापनिवेदनाला, म्हणजे फादरांपुढे पाप कबूल करताना, तेच सांगायचो, तेही इतक्या मोघम शब्दांत की ऐकणाऱ्याला काहीही वाटावं. ‘वाईट विचार आले’, बस्स. एकदा नेहमीचे फादर नव्हते, एक वयस्कर फादर होते. त्यांनी ‘किती वेळा’ असं विचारलंच नाही. विचारलं, ‘किती वाजता, बाळा?’ मी गप्प झालो. साडेअकरानंतर, दार बंद, अंथरुणात, फोन चार्जिंगला उशाशी. हे सगळं मला माहीत होतं, पण मी ते कधी उच्चारलं नव्हतं.

जेझुइट संघाचे संस्थापक, लोयोलाचे संत इग्नेशियस यांनी मोहाबद्दल काही नियम लिहून ठेवलेत. त्यांपैकी एकात ते म्हणतात, की शत्रू, म्हणजे सैतान, चोरट्या प्रियकरासारखा वागतो. त्याला सगळ्यात जास्त भीती असते ती गोष्ट कुणाला तरी सांगितली जाण्याची. माझ्या बाबतीत हे अक्षरशः खरं ठरलं. फादरांना वेळ सांगितली, आणि त्या रात्रीपासून फोन बैठकीत चार्जिंगला लावायला लागलो. गजरासाठी साधं घड्याळ आणलं. पहिले १० दिवस झोप येईना. छताकडे बघत जपमाळ करायचो, कधी अर्ध्यावर झोपायचो, कधी उठून बैठकीच्या दारापर्यंत जाऊन परत यायचो. पूर्ण सुटलंय असं म्हणणार नाही. दाराशी जाऊन परत येणं मात्र आता जमतं.

* * *

सगळे तरुणांचे मोह येताहेत, म्हणून एका म्हातारीचं लिहिते. मी अनेक वर्षं भगिनींची प्रार्थनासभा चालवते. मला दारूचा मोह नाही, पैशाचा नाही. माझा मोह गुडघे टेकूनच होतो. ‘अमक्या घरासाठी प्रार्थना करू या गं, तिथे फार वाईट चाललंय’ असं म्हणायचं आणि मग काय चाललंय ते पंधरा मिनिटं सांगायचं. प्रार्थना दोन मिनिटांची. एकदा ज्या मुलीबद्दल मी असा ‘विषय’ सांगितला होता, तीच पुढच्या आठवड्यात दारात उभी राहिली. काही बोलली नाही. चप्पल काढली, आत येऊन बसली आणि डोळे मिटून प्रार्थनेला लागली. माझ्या तोंडून शब्द फुटेना.

येशूला मंदिराच्या शिखरावर नेल्यावर सैतानाने जे वचन वापरलं ते ९१ व्या स्तोत्रातलं आहे. म्हणजे वचन पाठ असणं हे काही कवच नव्हे, ते त्यालाही पाठ आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस या साधूने माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली. खादाडपणापासून सुरू होणाऱ्या त्या यादीत शेवटी बढाई आणि गर्व आहेत. माझा मुक्काम बरीच वर्षं त्या शेवटच्या दोघांत होता, आणि मला वाटत होतं मी यादीबाहेर आहे.

आता सभेत नियम केलाय: नाव घ्यायचं, कारण सांगायचं नाही. देवाला कारण ठाऊक आहे. त्या मुलीची क्षमा मी सर्वांसमोर मागितली. तेव्हा काही बायकांना ते आवडलं नाही.

* * *

एक वेगळं म्हणणं मांडते, कुणाला दुखवायचा हेतू नाही. प्रार्थना करताना माझ्या मनात प्रभूबद्दल घाणेरडे शब्द यायचे. नको असताना, दिवसातून पन्नासदा. मी त्याला मोह समजून लढत राहिले. उपास केले, तेच वाक्य शंभरदा म्हटलं, आणि तसतसं ते वाढत गेलं. शेवटी मोठ्या बहिणीने डॉक्टरांकडे नेलं. तो आजार होता, त्यावर औषध आहे, आणि मी ते घेते. इब्री लोकांस पत्रात (४:१५) म्हटलंय की आपला प्रमुख याजक, म्हणजे येशू, सर्व प्रकारे आपल्यासारखाच पारखला गेला, तरी निष्पाप राहिला. म्हणजे मनात काही येणं म्हणजे पाप नव्हे. हे मला कुणी दहा वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर! तुमच्या मंडळीत असं कुणी दिसलं तर कृपया ‘अजून प्रार्थना कर’ एवढंच सांगून घरी पाठवू नका.

* * *

(धागा सुरू करणारा मीच. ताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. माझ्याही ओळखीत एक जण आहे ज्याला मी नेमकं तेच सांगून घरी पाठवलं होतं. आज फोन करतो.)

* * *

मला कळत नाही याला मोह म्हणायचं का, पण माझी रोजची लढाई हीच आहे. आई तीन वर्षांपासून अंथरुणाला खिळली आहे. मला ओळखते कधी, कधी नाही. गोळी जिभेवर ठेवली की ती बाहेर काढते. पुन्हा ठेवली की पुन्हा काढते. अशा वेळी माझ्या हातात एक जोर येतो. जबडा दाबून धरावा आणि कोंबावी. कुणाला कळणार आहे? ती तर सांगूही शकत नाही. एकदा मी तसं केलं. तिच्या हनुवटीवर माझ्या अंगठ्याचा लाल वळ उठला आणि संध्याकाळपर्यंत गेला नाही. मी तो दिवसभर पाहत राहिले.

करिंथकरांस पहिल्या पत्रात (१०:१३) लिहिलंय, की देव परीक्षेबरोबर तिच्यातून निभावण्याचा उपायही करतो. मी फार दिवस वाट पाहिली, की हा उपाय म्हणजे कुणीतरी मदतीला येईल. तसं कुणी आलं नाही. मग माझा उपाय मला न्हाणीघरातल्या नळात सापडला. जोर आला की मी गोळी बशीत ठेवते, नळाखाली दोन्ही हात धरते, आणि पाणी वाहत असेपर्यंत एवढंच म्हणते, ‘प्रभू, हे हात तुझे.’ कधी एवढंही म्हणवत नाही, नुसती उभी राहते. मग नळ बंद करते.

आज सकाळी गोळी चौथ्यांदा बाहेर आली. मी हात धुऊन आले, गोळी चमच्यात कुस्करली, पाण्यात विरघळवली आणि तिला विचारलं, ‘आई, आता बघू या का परत?’ तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि तोंड उघडलं.