कॅव्हनला राहायला कसं आहे?

नाशिकची_सिस्टर:
आयर्लंडमध्ये कॅव्हनच्या हॉस्पिटलात नोकरी मिळतेय. नकाशात रस्त्यांपेक्षा पाणीच जास्त दिसतं! डब्लिनला राहून रोज ये-जा जमेल का?

बेलटर्बेटकर:
ताई, ये-जाचं डोक्यातून काढा. डब्लिन शंभरेक किलोमीटरच्या पुढे, रेल्वे नाही, बसचाच भरवसा. नाइट करून ते झेपायचं नाही. इथेच घर बघा, आणि गाडी घ्याच.

पाण्याचं म्हणाल तर इथले लोक ३६५ तळी सांगतात, वर्षाच्या दिवसाला एक. मोजली कुणी देव जाणे! हिमयुगातल्या बर्फाने मागे टाकलेल्या मातीच्या बुटक्या टेकड्या आहेत सगळीकडे, ड्रमलिन म्हणतात त्यांना. माती चिकण, पाणी मुरत नाही. दोन टेकड्यांच्या मध्ये तळं, नाहीतर दलदल. त्यामुळे शेती म्हणजे गवत आणि गाई. रस्तेही टेकडीला वळसा घालत जातात. लॉख ऊक्टर नावाच्या तळ्याच्या बाजूला तर पलीकडच्या काठावरचं घर नीट दिसतं, पण तिथे पोचायला सगळं तळं फिरून जावं लागतं. भाड्याचं घर बघताना नकाशातल्या सरळ अंतरावर जाऊ नका.

गळवाला:
मासेमारीची आवड असेल तर चंगळ आहे. मे महिन्यात लॉख शीलिनवर मेफ्लाय नावाचे किडे उडायला लागले की ट्राउटसाठी लांबून लोक येतात. आणि शॅनन पॉट बघाच! देशातली सगळ्यात लांब नदी तिथून निघते, आणि दिसायला काय, तर झाडीतलं एक काळपट डबकं.

नाशिकची_सिस्टर:
नॉर्दर्न आयर्लंड जवळ आहे ना? सुट्टीत एनिस्किलनला जाता येईल?

बेलटर्बेटकर:
जवळ आहे म्हणूनच सांगतो, जपून. नॉर्दर्न आयर्लंड म्हणजे यूके, वेगळा देश. कॅव्हनहून क्लोन्स गावाला जाणारा रस्ता वाटेत चार वेळा सीमा ओलांडतो. फाटक नाही, चौकी नाही. रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी झाली आणि वेगाच्या पाट्या मैलांत आल्या की समजायचं, आपण यूकेत शिरलो. पण भारतीय पासपोर्टवर त्या तेवढ्या तुकड्यालाही यूकेचा व्हिसा लागतो. इथलं रेसिडेन्स कार्ड तिकडे चालत नाही. जीपीएस हे काही विचारत नाही, सरळ तिकडून नेतो. आधी व्हिसा काढा, मग एनिस्किलन.

नाशिकची_सिस्टर:
बरं झालं विचारलं. कॅव्हन गावातच दोन खोल्यांचं घर बघते आता.