मदत हवी आहे: शाळेतून आल्या आल्या पोरांना काय द्यावं? (गॅस न पेटवता, पावसाळ्यात टिकणारं)

करवीरकन्या:

नमस्कार मंडळी. आधी घरची परिस्थिती सांगते, म्हणजे "गरमागरम थालीपीठ लावून द्या" अशी उत्तरं येणार नाहीत. मी आणि नवरा, दोघंही इथं कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत. मला घरी यायला सात वाजतात, त्यांना त्याहून उशीर. मोठा दहा वर्षांचा, धाकटीला नुकतं पाचवं लागलंय. रिक्षामामा दोघांना पावणेपाचला दारात सोडतात. त्या वेळी घरी फक्त माझे सासरे, आण्णा. तब्येत ठणठणीत, पण हात थरथरतो, त्यामुळं गॅसपाशी जायचं नाही असं घरात ठरलंय. त्यांचा चहा शेजारच्या काकी थर्मासमधून देतात.

पोरं येतात ती दप्तर फेकून थेट स्वयंपाकघरात. मोठ्याला साडेपाचला फुटबॉलच्या मैदानावर पोचायचं असतं (पेठेत राहून फुटबॉल नको म्हणायची सोय नाही, ते सोडा). मग आण्णा जे हाताला लागेल ते पुढं करतात. खारी, बटर, क्रीमची बिस्किटं, पाच-दहा रुपयांची कुरकुरीत पाकिटं, आणि त्यांच्याच कपातला घोटघोट चहा. त्यांना मी काही बोलत नाही. भुकेनं रडकुंडीला आलेली नातवंडं समोर उभी असताना माणूस दुसरं काय करणार?

पण यात दोन गोष्टी होतात. मोठा मैदानावरून पोट दुखतंय म्हणत येतो नाहीतर आल्या आल्या परत खायला मागतो. आणि धाकटी रात्री साडेआठला ताटावर बसून भाकरीचे तुकडे नुसते मोजत राहते.

फळं ठेवते. केळी संपतात, बाकीची कापून द्यावी लागतात. सकाळी कापून ठेवलेलं सफरचंद काळं पडलं की कुणी हात लावत नाही. चुरमुऱ्यांचा चिवडा उन्हाळ्यात चालला, आता जुलैत डबा उघडला की सादळला. बेकरीतून नाचणीची बिस्किटं आणते, ती मात्र आवडीनं खातात.

तर, आण्णांना गॅसशिवाय देता येईल, पोरांना आपापलं घेता येईल, आपल्याकडच्या पावसात टिकेल आणि रात्रीचं जेवण मारणार नाही असं काय काय ठेवता येईल? रविवारी सकाळी दोनेक तास मी देऊ शकते. रोज पहाटे उठून वेगळं काही करणं मला जमणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

रंकाळाकाठ:

शाळेचा डबा पूर्ण संपतो का? आमच्याकडं पाच वाजताची भूक म्हणजे निम्मी डब्याचीच उधारी असायची.

करवीरकन्या:

अर्धा परत येतो. मधल्या सुट्टीत खेळायचं असतं ना.

बिनपाकाची:

ताई, रविवारच्या दोन तासांत दाण्याचे लाडू करून ठेवा. पाक नाही, तूप नाही, वळायलाही कसब लागत नाही. दोन वाट्या दाणे मंद आचेवर खमंग भाजा, गार करा, सालं पाखडून काढा. मिक्सरला आधी दाण्यांचं भरड कूट, मग त्यातच पाऊण वाटी चिरलेला गूळ घालून परत फिरवा. दाण्याला तेल सुटतं आणि गोळा आपोआप धरतो. मिक्सर सलग चालवू नका, थांबत थांबत फिरवा, नाहीतर सगळं तेलकट होतं. मूठभर भाजलेले तीळ घातले तर अजून चांगलं. लाडू लहान लिंबाएवढाच वळायचा. मोठा वळला की अर्धा खाऊन अर्धा सोफ्याखाली सापडतो.

पावसाळ्यात डबा स्टीलचा, घट्ट झाकणाचा घ्या आणि लाडू पूर्ण गार झाल्यावरच भरा. ओला हात डब्यात गेला नाही तर दहा-बारा दिवस काही होत नाही. आण्णांना सांगायचं, एकाला एक, फार तर दोन. दाण्यात शंभर ग्रॅममागं २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात आणि चरबी त्याच्या जवळपास दुप्पट. त्यामुळं पोट धरून राहतं, पण चार खाल्ले की रात्रीचं ताट तसंच राहणार.

चुरमुऱ्यांचं म्हणाल तर चिवडा करूनच ठेवू नका. चुरमुरे कोरडे, वेगळ्या डब्यात. सादळले तर सकाळी कढईत तेलाशिवाय पाच मिनिटं परतले की परत कुरकुरीत होतात. संध्याकाळी आण्णा वाडग्यात चुरमुरे, चमचाभर कच्चं शेंगतेल, चिमूटभर मीठ आणि आपली कांदालसूण चटणी असं कालवून देऊ शकतात. धाकटीला चटणीऐवजी लिंबू. कांदा मोठ्याकडून चिरून घ्या, दहा वर्षांचा आहे, येतो.

तालीमवाला:

वहिनी, पोराचं पोट दुखतंय ते खारीनं. मैदा आन् तूप (तूप कसलं, वनस्पती) पोटात दगडागत बसतंय, वर पळायचं म्हटल्यावर दुसरं काय हुनार. आमी बी पोरं खेळवतो. खेळायच्या आधी तासभर जड काय द्यायचं न्हाई. एक केळं, न्हाईतर सकाळी उकडून ठेवलेलं रताळं. बास. पानी मात्र घरातनंच पिऊन जाऊ दे. खरं खानं मैदानावरनं आल्यावर. उकडलेली अंडी चालत्यात का तुमच्यात? सकाळी चहाच्या येळंला चार अंडी उकडायची, सालासकट फ्रीजमधी ठेवायची. पोरगं स्वतः सोलून खाईल, आण्णास्नी कायबी करावं लागत न्हाई. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रोटीन हाय. डब्यातली पावडर आणायची गरज न्हाई.

तालमीत पैलवानांच्या थंडाईचा खुराक बघून काय जण बारक्या पोरांलाबी बदाम-खसखस वाटून पाजत्यात. त्या गड्याचा घाम निघतोय तेवढा तुमच्या पोराचा निघतोय का, ते आधी बघा.

गोडाधोडाचा:

इतकं डोकं कशाला लावायचं? दुधात माल्टची पावडर घालून द्या. व्हिटॅमिनं असतात, पोट भरतं, पोरं आवडीनं पितात. आमची दोन्ही मुलं त्यावरच वाढली.

कागलची काकी:

मी अंगणवाडीत काम करते, म्हणून दोन शब्द जास्त लिहिते, रागावू नका.

माल्टच्या पावडरीचं आधी. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन दुकानांना सांगितलं की असली पेयं "हेल्थ ड्रिंक" या सदरात विकू नका, कारण आपल्या अन्न कायद्यात असा प्रकारच नाही. डबा फिरवून मागचा तक्ता वाचा, साखर किती ते दिसेल. मुलांना दूध आवडत असेल तर नुसतं द्या, नसेल तर ताक द्या, दही द्या. त्यात रंग आणि साखर मिसळून ते "पौष्टिक" होत नाही.

हीच गोष्ट नाचणीच्या बिस्किटांची. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात. पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरं तेल आणि नाचणी त्याच्यानंतर कुठंतरी, असं असेल तर ते मैद्याचं बिस्कीट, नाचणी नावाला. सुट्या बिस्किटांना तर पाकीटच नसतं, बेकरीवाल्याला सरळ विचारा. नाचणीत कॅल्शियम भरपूर, शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. पण एका बिस्किटात पीठ जातं किती? त्यापेक्षा रविवारी नाचणीचं पीठ तुपावर खमंग भाजून डब्यात ठेवा आणि दाण्याच्या लाडवातच दोन-तीन चमचे मिसळा.

चहाबद्दल. धाकटीला चहा बंदच करा. त्यातल्या टॅनिनमुळं जेवणातलं लोह कमी अंगी लागतं, आणि या वयात लोहाचीच कमतरता जास्त दिसते. उलट लिंबू पिळलं की लोह चांगलं शोषलं जातं. मोड आलेली मटकी सकाळी भाजीसाठी शिजवता तेव्हा वाटीभर बाजूला काढून फ्रीजमध्ये ठेवा, संध्याकाळी लिंबू-मीठ घालून चमच्यानं खातात. कच्ची मोडाची देऊ नका, पावसाळ्यात तर नकोच.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. धाकटीला पाच पूर्ण व्हायची आहेत ना? तिला अख्खे दाणे, अख्खे फुटाणे देऊ नका. पळत पळत तोंडात टाकले आणि ठसका लागला तर ते श्वासनलिकेत अडकतात, आणि घरात आण्णा एकटे. कूट, लाडू, डाळ्याचं पीठ चालेल. आणि खाणं बसूनच, हा नियम दोघांनाही.

करवीरकन्या:

काकी, फुटाण्यांची बरणी आत्ताच वरच्या फळीवर गेली.

एक विचारते. लाडवात गूळ पाऊण वाटी, म्हणजे साखरेपेक्षा बरंच ना? आमच्याकडं गुळाला कुणी साखरेच्या रांगेत बसवत नाही.

शाहूपुरीचा:

आमच्या तीन पिढ्या गुळाच्या व्यापारात गेल्या, तेव्हा मला बोलायचा अधिकार आहे असं समजतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान आहेच. पण पोरांच्या पोटाच्या दृष्टीनं गूळ ही साखरच. थोडं लोह, थोडी खनिजं असतात, ती मिळावीत म्हणून कुणी किलोनं गूळ खात नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेल्या साखरेतून दिवसभराच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांपेक्षा कमी यावेत, ५ च्या आत राहिले तर उत्तम. गूळ, काकवी, मध, सगळं त्यातच धरायचं. पाऊण वाटीची अर्धी वाटी करा, पोरांना कळणारही नाही.

घेताना पिवळाधमक बघून घेऊ नका. रंग उजळायला रसात हायड्रॉस नावाचं रसायन घालतात. काळपट तांबूस ढेप दिसायला ओबडधोबड, पण मी घरात तीच खातो.

हळदकुंकू:

सगळे खाऊच्या डब्यावर घसरलेत. मला वाटतं ही खाऊची भूकच नाही, ही जेवणाची भूक आहे. सकाळी दहाला अर्धा डबा खाल्लेलं पोर पाच वाजता जेवणच मागणार. आमच्या लहानपणी शाळेतून आलं की आजी सकाळची भाकरी ताकात कुस्करून द्यायची, वर शेंगदाण्याची चटणी. त्याला खाऊ कुणी म्हणत नव्हतं.

तुम्ही सकाळी डब्यासाठी भाकरी-भाजी करताच. दोन भाकऱ्या जास्त टाका. पाच वाजता धाकटीला भाकरी-ताक किंवा दही-भात असं तिचं जेवणच द्या आणि रात्री साडेआठला तुमच्याबरोबर वाटीभर आमटी-भात, तेही मागितलं तर. ताटावरची नाटकं निम्मी कमी होतील. मुलांनी रात्री साडेआठलाच पोटभर जेवलं पाहिजे, हे आपल्या ऑफिसच्या वेळेवरून ठरलेलं आहे. तिच्या पोटाला ऑफिस नाही.

आण्णांना दही-पोहे शिकवा. पातळ पोहे पाण्यातून काढायचे, निथळायचे, दही, मीठ, किंचित साखर. थरथरत्या हातानंही जमतं. माझे वडील करतात.

बिनपाकाची:

हळदकुंकूंचं धाकटीपुरतं पटलं, मोठ्याचं नाही. पाचला भाकरी-ताक पोटभर खाऊन साडेपाचला तो पळणार कसा?

तालीमवाला:

मोठ्याला केळंच. भाकरी आल्यावर. ठरलं की.

हळदकुंकू:

ठरलं.

करवीरकन्या:

किती सोपं करून दिलंत तुम्ही सगळ्यांनी. हळदकुंकू, तुमचं वाक्य वाचून नवऱ्यालाही वाचून दाखवलं. धाकटी पाच वाजता जेवली तर रात्री तिच्याबरोबर बसायला मिळणार नाही असं त्याला वाटतंय, पण ती वाटीभर आमटी-भाताला बसेलच.

तर या आठवड्यापुरतं असं लिहून फ्रीजवर लावतेय. मोठा: जाताना केळं किंवा रताळं, आल्यावर अंडं आणि भाकरी. अंडं आम्हाला चालतं, फक्त सोमवारी आणि गुरुवारी नाही, त्या दिवशी मटकी. धाकटी: भाकरी-ताक, दही-पोहे आलटून पालटून. लाडू एकेक, अर्धी वाटी गुळाचे. खारी-बटर बंद म्हणत नाही, आण्णांना चहाबरोबर लागतात आणि त्यांच्या घासावर मी नियम लावणार नाही. फक्त तो डबा त्यांच्या खोलीत जाईल. पाकिटं मी आणणंच बंद करते, घरात नसली तर आण्णा देणार कुठून.

एक शंका राहिली. दुपारभर ताक बाहेर राहिलं तर आंबट होतं, आणि फ्रीजमधलं दिलं की धाकटीला सर्दी होते असं आण्णांचं म्हणणं.

कागलची काकी:

थंड ताकानं सर्दी होत नाही, सर्दी विषाणूंमुळं होते. पण आण्णांशी वाद घालू नका. चारच्या चहाला बसले की त्यांनीच ताकाचं भांडं फ्रीजमधून काढून ओट्यावर ठेवायचं, पाच वाजेपर्यंत गारवा जातो. अंडी मात्र खायच्या वेळीच काढायची.

रंकाळाकाठ:

नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या येतील बाजारात, त्या पण घेऊन ठेवा. दह्यात कालवून धाकटीला द्या. चुरमुऱ्यांसारख्याच कोरड्या डब्यात ठेवायच्या.

करवीरकन्या:

घेते. कपिलतीर्थला मिळतील ना, की लक्ष्मीपुरीत जावं लागेल?

रंकाळाकाठ:

दोन्हीकडं. शेंगदाणे पण लागणारच आहेत तर लक्ष्मीपुरीतच जा, घाऊकमध्ये स्वस्त पडतात. मात्र घ्यायच्या आधी एक दाणा चावून बघा, पावसाळ्यात खवट निघतात.