कीर्तन क्रिया शिकवावी का? 'सा ता ना मा', बोटांच्या मुद्रा आणि योगी भजन

ओसरी (धागाकर्ती)

वडिलांना स्मृतिभ्रंश होऊन चार वर्षं झाली. ते आमच्याकडेच असतात, इथे नाशिकला. 'माझं पासबुक कुठंय?' हा प्रश्न दिवसातून तीस-चाळीस वेळा येतो. गेल्या वर्षी एका संध्याकाळी मी त्यांच्यावर इतकी ओरडले की ते घाबरून पडद्यामागे जाऊन उभे राहिले. त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. मग एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून चाळीस दिवसांच्या वर्गात कीर्तन क्रिया ही ध्यानाची पद्धत शिकले.

नावावरून आपल्याला टाळ-वीणा आठवते, पण तसं काही नाही. मांडी घालून किंवा खुर्चीत ताठ बसायचं, हात गुडघ्यांवर ठेवायचे. 'सा' म्हणताना अंगठा तर्जनीला टेकवायचा, 'ता'ला मधल्या बोटाला, 'ना'ला अनामिकेला, 'मा'ला करंगळीला. दोन मिनिटं मोठ्याने, दोन कुजबुजत, चार मनातल्या मनात, पुन्हा दोन कुजबुजत आणि दोन मोठ्याने. झाली बारा मिनिटं. मनातल्या चार मिनिटांतही बोटं थांबवायची नाहीत.

पहिले दहा-बारा दिवस नुसता कंटाळा आला. मग हळूहळू प्रश्न आणि माझं उत्तर यांच्या मधे थोडी जागा पडायला लागली. पासबुक अजून तितक्याच वेळा विचारतात, पण मी आता ते काढून त्यांच्या हातात देते. माझ्या दृष्टीने हा फार मोठा बदल आहे.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने हे रुग्णांची देखभाल करणाऱ्यांना शिकवायला सांगितलं आणि तिथेच वाद झाला. एका सभासदांचं म्हणणं, ही क्रिया अमेरिकेतले योगगुरू योगी भजन यांनी पसरवली आणि त्यांच्यावरचे आरोप भयंकर आहेत, तेव्हा संघात नको. मला हे काहीच ठाऊक नव्हतं. वर्गात त्यांचा फोटो होता, त्याला रोज हारही होता, पण या गोष्टीचा एका शब्दाने उल्लेख नव्हता. माझं मत अजून 'शिकवावी' असंच आहे. तुम्हाला काय वाटतं?

निर्भीड

शिकवू नये.

हरभजन सिंग पुरी हे दिल्लीत कस्टम खात्यात नोकरीला होते. १९६८ मध्ये कॅनडात आणि तिथून लॉस एंजेलिसला गेले, १९६९ मध्ये 'थ्री-एच-ओ' ही संस्था काढली आणि योगी भजन झाले. २००४ मध्ये वारले. २०२० मध्ये त्यांच्याच संस्थांनी बाहेरची चौकशी नेमली. महिलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप खरे असण्याचीच शक्यता जास्त आहे, असा तिचा निष्कर्ष आला. म्हणजे ज्या बायकांनी सगळं सोडून त्यांच्यापाशी 'परिवर्तन' शोधलं, त्यांचं आयुष्य तिथेच उद्ध्वस्त झालं. त्या वर्षानुवर्षं बोलू शकल्या नाहीत, कारण आजूबाजूचा प्रत्येक जण म्हणत होता, 'पण मला तर साधनेने फायदा झाला.'

ताई, तुमचा अनुभव खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण हे वाक्य त्या बायकांनी किती वेळा ऐकलं असेल, याचा विचार करा.

तिन्हीसांज

मला मुळात हे उसनं आणायचीच गरज वाटत नाही. मंत्र आणि बोटं यांची सांगड आपल्या घराघरांत आहे. दुर्गा सप्तशतीच्या पाठाआधी करन्यास करतात: अंगुष्ठाभ्यां नमः, तर्जनीभ्यां नमः, असं एकेक बोट घेत करंगळीपर्यंत आणि मग तळहात. गायत्रीजपाआधीच्या चोवीस मुद्रा माझे आजोबा उपरण्याखाली हात झाकून करायचे.

आणि करमाळ तर विसरलोच आपण. माळ नसेल तेव्हा बोटांच्या पेरांवर जप मोजायचा. अनामिकेच्या मधल्या पेरापासून सुरुवात, तिथून मुळाशी, मग करंगळी खालून वर, अनामिकेचं आणि मधल्या बोटाचं टोक, आणि तर्जनी वरून खाली. दहा झाले. मधल्या बोटाची खालची दोन पेरं म्हणजे मेरू, ती ओलांडायची नाहीत. अंगठा सतत बोटांवर फिरतोच आहे की! त्यासाठी चाळीस दिवसांचे पैसे कशाला मोजायचे?

बाराखडी

दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होत आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

या वर्गांत सांगतात की टाळूवर ८४ बिंदू असतात, हे चार ध्वनी उच्चारताना जीभ त्यांना स्पर्श करते आणि त्यातून मेंदूतली रसायनं बदलतात. मराठी शाळेत शिकलेल्या कुणीही हे स्वतः तपासावं. स, त, न हे दंत्य. जीभ दातांपाशी जाते. म ओष्ठ्य, तिथे जिभेला कामच नाही, ओठ मिटतात. चारांपैकी एकही वर्ण तालव्य नाही, मूर्धन्यही नाही. टाळूच हवी असती तर च, ट, ण घ्यायला हवे होते. हा दावा आपल्या वर्णमालेपुढेच टिकत नाही, प्रयोगशाळेपर्यंत जायलाच नको.

आता प्रयोगांकडे येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची घरी काळजी घेणाऱ्या ३९ जणांचा अभ्यास झाला, म्हणजे नेमका ओसरीताईंसारख्यांचा. काहींनी आठ आठवडे रोज बारा मिनिटं ही क्रिया केली, बाकीच्यांनी तितकाच वेळ शांत संगीत ऐकलं. क्रिया करणाऱ्यांची मनःस्थिती जास्त सुधारली. पेशींतल्या गुणसूत्रांची टोकं झिजू न देणाऱ्या टेलोमरेज नावाच्या विकराची (एन्झाइमची) क्रियाशीलता त्यांच्यात सुमारे ४३ टक्के वाढली, संगीत गटात चारहून कमी. हाच आकडा सगळीकडे 'वार्धक्य थांबतं' म्हणून फिरतो. पण ३९ माणसं आणि आठ आठवडे यांतून तसं काही म्हणता येत नाही.

स्मरणशक्ती कमी झाल्याची तक्रार असलेल्या ६० जणांवरच्या दुसऱ्या अभ्यासात क्रिया गटाची स्मरणशक्ती सुधारली आणि संगीत ऐकणाऱ्यांचीही सुधारली! माझ्या मते रोज ठरावीक वेळी बारा मिनिटं स्वतःसाठी बसणं हेच यातलं मोठं औषध असावं. 'सा ता ना मा'चं त्यात किती, हे या प्रयोगांतून वेगळं काढता येत नाही. जे काळजी घेऊन थकले आहेत त्यांना जरूर शिकवा. 'वडिलांचा आजार बरा होईल' असं मात्र कुणाला वाटू देऊ नका.

गोदातीर

मी नांदेडची. शेजारी, मैत्रिणी, निम्म्याहून जास्त शीख. इथल्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात कीर्तन म्हणजे रागदारीत गायलेली गुरुवाणी, आणि तिथे आपल्या नामदेवांची पदंसुद्धा गातात. गुरु ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत. 'सत नाम' हा त्या परंपरेतला पवित्र शब्द. त्याची अक्षरं सुटी करून बोटांवर मोजायची आणि त्यालाच कीर्तन म्हणायचं, हे माझ्या शेजारच्या काकींना मुळीच रुचलं नाही. 'नाम घ्यायला बोटं कशाला लागतात?' असं त्या म्हणाल्या. या बाजूने इथे कुणीच बोललं नव्हतं, म्हणून लिहिलं.

रात्रपाळी

तुमच्या सगळ्यांचं वाचलं. माझी आई अंथरुणाला खिळून आहे, मी एकटी आहे. ती झोपते तेवढ्यात मला पंधरा मिनिटं मिळतात. संस्थापक कसा होता, वर्ण दंत्य की तालव्य, हे बघायला त्यात वेळ नाही. ओसरीताई, मी कालपासून सुरू केलं. तुम्ही वर्ग घेतलात तर ऑनलाइनसुद्धा घ्या.

निर्भीड

रात्रपाळी, तुमच्या पंधरा मिनिटांवर माझा काडीचाही आक्षेप नाही, खरंच. आक्षेप सार्वजनिक वर्गावर आहे. थकलेलं, एकटं माणूस आधाराच्या शोधात येतं. त्याला आज बारा मिनिटं शिकवतात, उद्या शिबिर, परवा गुरूचा फोटो. अशी माणसं कोण हेरतं हे आपण पुष्कळ पाहिलं आहे. तिन्हीसांज यांना एवढंच सांगतो, आपल्याकडच्या मठांतही हे घडतं. परंपरा घरची आहे एवढ्याने बाई सुरक्षित होत नाही.

ओसरी (धागाकर्ती)

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले.

निर्भीड, 'मला तर फायदा झाला' हे वाक्य तुम्ही सांगितलंत तसं ऐकल्यावर पोटात कालवलं. तरीही मी वर्ग घेणार आहे, कारण रात्रपाळीसारख्या बायका आमच्या गल्लीतच चार आहेत. तिथे फोटो नसेल, फी नसेल, पुढचं शिबिर नसेल. ही क्रिया कुणी पसरवली आणि २०२० च्या अहवालात काय आलं, हे मी पहिल्याच दिवशी, बोट उचलायच्या आधी सांगेन. ज्यांना मग उठून जावंसं वाटेल त्यांनी जावं. ८४ बिंदू बाद. 'कीर्तन' हा शब्दही वापरणार नाही, काकींना सांगा.

तिन्हीसांज, उसनं आणायची गरज नाही हे मला पटलं नाही. माझ्या माहेरी करन्यास मुलग्यांनाच शिकवला, मला कुणी जवळ बसवलं नाही. मला जे मिळालं ते मी घेतलं.

पण तुमच्यामुळे एक गोष्ट घडली. वडील दुपारी खिडकीशी बसले की उजव्या हाताची बोटं हलवत असतात. मी तो आजारातला चाळा समजत होते आणि डॉक्टरांनाही तसंच सांगितलं होतं. काल तुमचा प्रतिसाद वाचून जवळ जाऊन बसले. अंगठा अनामिकेच्या मधल्या पेरावर होता. तिथून मुळाशी, मग करंगळी, वर, आणि तर्जनीवरून खाली. मधल्या बोटाची दोन पेरं त्यांनी एकदाही ओलांडली नाहीत.

आज सकाळी माझी बारा मिनिटं मी त्यांच्याशेजारी बसून केली.