गच्चीची किल्ली कुणाकडे आहे?

४०१: नमस्कार. कालपासून विचारतोय, गच्चीची किल्ली कुणाकडे आहे? थंडी संपली, गाद्यांना दमट वास यायला लागलाय, उन्हात टाकायच्या आहेत. आणि जिन्यात दुसऱ्या मजल्यापासून वरपर्यंत मातीचे पाय उमटलेत. गेल्या वर्षीसारखं पुन्हा नको.

सचिव: किल्ली २०२ मध्ये असणार. काका, बघता का जरा?

१०३: गच्ची त्यांच्याच नावावर करून टाका 😄

४०१: मस्करी नंतर. किल्ली?

१०१ काकू: गेल्या वर्षीचं काढलंच आहे म्हणून सांगते. ४०१ च्या छताला डाग पडला तो टाकीच्या पाइपचा होता, कुंड्यांचा नाही. प्लंबर सांगत होता तेव्हा मी समोर उभी होते.

४०१: प्लंबर काय, काहीही सांगतो. रंगाचा खर्च माझ्या खिशातून गेला.

३०१: २०२ ची बेल दोनदा वाजवली. फोनही उचलत नाहीत. सकाळपासून दोघंही दिसले नाहीत. सगळं ठीक आहे ना?

१०३: ते घरी असतात कधी? नोकरीत होते तेव्हा रविवारी तरी भेटायचे.

३०३: रिटायर्ड माणसांना दिवसभर वेळच वेळ. एक किल्ली द्यायला पाच मिनिटं लागतात?

१०४: विषय निघालाच आहे तर, मागच्या बाजूला वाळक्या पानांचा ढीग कुणी केलाय? पेटवून मोकळे व्हा की.

३०१: पेटवायचं नाव काढू नका. माझ्या मुलीला धुराने धाप लागते. मागच्या वेळी हेच बोलणं झालं होतं.

१०४: मी फक्त विचारलं.

४०१: गच्चीची किल्ली कुणाकडे आहे?

२०२ काकू: आत्ता घरात पाऊल टाकलं. मोबाइल पिशवीच्या तळाशी होता. ३०१, आम्ही ठीक आहोत, काळजी केलीस, बरं वाटलं.

२०२ काकू: ३०३, वेळच वेळ म्हणालात म्हणून हा आठवडा सांगते. सोमवारी तुमची दोन पार्सलं घेतली आणि १०४ च्या प्लंबरला दार उघडून अर्धा तास तिथेच उभी राहिले. मंगळवारी यांचे डोळे तपासले. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की पुढचे चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं, उजेड सोसत नाही. हाताला धरून घरी आणलं. बुधवारी आपल्या बिल्डिंगमधल्या सात जणांचं बीपी बघितलं. माणसं धापा टाकत येतात आणि लगेच हात पुढे करतात. तसा आकडा खरा येत नाही. पाच मिनिटं गप्प बसवावं लागतं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला. सात जण म्हणजे अख्खी सकाळ गेली. गुरुवारी सगळ्या मजल्यांवरच्या कुंड्यांखालच्या ताटल्या. ऊन वाढलं की साठलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, म्हणून हे काम आठवड्याला व्हायलाच हवं. एक गुरुवार चुकला तर नंतर सगळ्यांनाच भोगावं लागतं. आणि शुक्रवारपासून हे गच्चीवर. आम्ही कधी कुरकुर केली नाही. पण 'वेळच वेळ' हे लागलं मला.

१०१ काकू: बरोबर बोललीस.

३०३: काकू, तसं म्हणायचं नव्हतं.

२०२ काकू: लिहिलंत तर तसंच.

१०३: ३०३, पार्सलं कमी मागवा आता 😄

४०१: गच्चीची किल्ली?

२०२ काका: मातीचे पाय माझे. दोन दिवस जिना पुसायचा राहिला, चुकलं माझं. संध्याकाळी पुसतो. जोराची पालवी फुटायच्या आत कुंड्या बदलून घेतल्या की मुळं थोडी दुखावली तरी झाड सावरतं, म्हणून घाई चाललीय. जास्वंदीची मुळं कुंडीच्या आत गोल गोल फिरून इतकी आवळली होती की कडेने सुरी फिरवूनच सोडवली. माती जेमतेम मूठभर उरली होती. पाणी घातलं की तळातून सरळ बाहेर, झाडाला काहीच मिळत नव्हतं.

२०२ काका: पानांचा ढीगही माझाच. जाळू नका, त्याचं खत होतंय. काल त्यात लोखंडी सळई खुपसून ठेवली आणि दहा मिनिटांनी काढली तर हातात धरवेना. चांगला ढीग आतून ५५ ते ६० अंशांपर्यंत तापतो, तेव्हा तणाचं बीही मरतं. दर आठवड्याला उलटा करावा लागतो. १०४, जोडीला एक माणूस मिळाला तर माझी कंबर वाचेल.

१०४: रविवारी येतो काका.

४०१: सगळं ठीक आहे, पण किल्ली?

२०२ काका: माझ्याकडेच आहे. दार मुद्दाम बंद ठेवलंय. टाकीजवळच्या रिकाम्या मीटरपेटीत चिमणीने घरटं केलंय. चार अंडी आहेत. दार आपटलं की ती भुर्रकन उडते आणि बराच वेळ परत येत नाही. पिल्लं अंड्यातून बाहेर यायला दोन आठवड्यांच्या आतबाहेर लागतात. आज नववा दिवस.

३०४: अय्या! फोटो टाका ना.

२०२ काका: फोटो नाही. पेटीत उजेड पाडायचा नाही.

३०४: २० मार्चला चिमणी दिवस असतो, त्याचं एक छान पोस्टर माझ्याकडे आहे. टाकते.

सचिव: कृपया फॉरवर्ड नकोत. ग्रुपचा नियम आहे.

३०४: तुमचे गुड मॉर्निंग चालतात वाटतं.

४०१: काका, हे परवाच सांगितलं असतंत तर मी इतक्या वेळा विचारलं नसतं.

२०२ काका: खरंय. सांगितलं की मुलं वर धावतील अशी भीती वाटली.

४०१: गाद्या टाकीच्या पलीकडे टाकल्या तर चालतील?

२०२ काका: चालतील. दार हळू लोटा, मागे वीट लावलीय. आणि वर आलातच तर कुंड्याही बघून घ्या. सगळ्या विटांवर उचलल्यात, खालून हवा खेळते. तुमच्या छतावर थेंब टिकणार नाही.

४०१: बघतो. जिना राहू द्या काका, तुमची कंबर सांभाळा. वरचे दोन मजले मी पुसतो.

३०३: काकू, पुढच्या गुरुवारी ताटल्या मी करतो. ऑफिसला निघायच्या आधी.

२०२ काकू: नुसतं पाणी ओतून भागत नाही हं. घासायच्या. अंडी कडेला चिकटून बसतात, वाळली तरी मरत नाहीत. ब्रश माझ्या दाराशी ठेवते.

४०१: आणि काकू, बुधवारी वडिलांना खाली पाठवू का? चक्कर येते म्हणतात.

२०२ काकू: बुधवारपर्यंत थांबू नकोस. मी आत्ताच वर येते. त्यांना खुर्चीत टेकून बसव आणि बोलायला लावू नकोस.