मदत हवी आहे: मीलवर्मच्या ट्रेमधल्या केसाळ अळ्या कोणत्या?

नमस्कार मंडळी. जळगावात अरोवाना माशासाठी गव्हाच्या कोंड्यात मीलवर्म (खाद्य म्हणून द्यायच्या भुंगेऱ्याच्या अळ्या) वाढवतो. ट्रेच्या कोपऱ्यांत, मेलेल्या कोषांभोवती ४-५ मिमीच्या तपकिरी केसाळ अळ्या दिसताहेत. मागे केसांचा लांब झुपका, आजूबाजूला कातींचा खच. पिठातला तांबडा भुंगेरा नव्हे, त्याची अळी जवळजवळ गुळगुळीत असते. डर्मेस्टिस (कातडं, सुकं मांस खाणारा भुंगेरा) असता तर त्याच्या अळीला मागे दोन शिंगं असतात, इथे नाहीत. मग खपरा (साठवणीच्या धान्यातला भुंगेरा) की गालिच्यातला भुंगेरा? खानदेशच्या कोरड्या उन्हाळ्यात मला खपऱ्याचाच संशय जास्त. भिंगातून नेमकं काय बघू? खपऱ्याच्या सुप्त अळ्या थंडीही सोसतात, म्हणून नवा कोंडा ६० अंशांवर तासभर तापवूनच वापरणार. केस आतड्याला टोचू शकतात, त्यामुळे माशाला मीलवर्म देणं सध्या बंद. चालू ट्रेमधले मीलवर्म चाळून वाचवता येतील, की सगळंच टाकावं?