यल्लम्माची गोष्ट पोरांना सांगताना मुंडक्याचा भाग गाळावा का?

बेळगावी बाबा
परवा घरच्यांना घेऊन सौंदत्तीला, यल्लम्माच्या म्हणजे परशुरामाची आई रेणुका हिच्या डोंगरावर जाऊन आलो. बेळगावातनं 70-80 किलोमीटर, लांब काय नाही. येताना नऊ वर्षांची लेक गाडीत विचारते, "पप्पा, परशुरामानं आईचं मुंडकं तोडलं, मग त्याचं देऊळ आईच्या मागंच कसं काय?" आमच्या आईनं पायथ्याच्या जोगुळभावी कुंडाला आंघोळ घालता घालता तिला सगळी गोष्ट सांगून टाकली होती. रात्री पोरगी झोपेना. मला वाटतं एवढं कापाकापीचं लहानांना सांगूच नये. रेणुका नदीवर वाळूचा घडा करून, सापाची चुंबळ करून पाणी आणायची ते सांगा, नवऱ्याच्या शापानं अंगावर रोग आला आणि जोगुळभावीत अंग बरं झालं ते सांगा, बास की.

कडोलीचा गडी
मग काय शिल्लक ऱ्हातंय ओ गोष्टीत? आम्ही लहान असताना बैलगाडीतनं गुड्ड्यावर (यल्लम्माच्या डोंगरावर) जात होतो, वाटंत आज्जी हीच गोष्ट सांगायची, मुंडक्यासकट, आणि आम्ही होळगी खाऊन गाडीतच ढाराढूर. मोबाईलवर काय काय बघूलाल्यात पोरं ते चालतंय आणि आईची गोष्ट चालत नाही होय तुम्हाला?

पोथीवाला
थोडं थांबा, कुठली गोष्ट ते आधी ठरवा. महाभारतात वनपर्वात बघितलं तर वाळूचा घडा नाही, अंगावरचा रोग नाही, तिला बरं व्हायची वाट दाखवणारे एकय्या-जोगय्याही नाहीत. तिथं चित्ररथ राजाला पाण्यात बघून रेणुकेचं मन चळतं, नवरा जमदग्नी पोरांना तिला मारायला सांगतो, थोरली चौघं हलत नाहीत म्हणून शाप खातात, आणि परशुराम मारतो. वर मागताना मात्र तो काय मागतो बघा, आई जिवंत होऊ दे आणि तिला मारल्याची आठवण राहू नये. मला विचाराल तर गोष्टीचा जीव तिथं आहे. मुंडकं गाळलं की हा वरही गेला.

निपाणीची सून
आठवण जाऊ दे म्हणे! बाईनं विसरायचं आणि बाप्यानं पराक्रमी म्हणून मिरवायचं. मी माझ्या पोराला सगळं सांगते, पण जमदग्नीचं चुकलं हेपण सांगते. बाई पाणी आणायला गेली, क्षणभर दुसरीकडं बघितलं, एवढ्यावर जीव घ्यायचा? आणि नवरा गेला म्हणून मार्गशीर्षात रांडाव पुनवेला, म्हणजे देवीच्या वैधव्याच्या पौर्णिमेला, बांगड्या पण तिच्याच फुटणार, परत भरायच्या त्या माघात. शिवाय ह्याच देवीच्या नावानं पोरी देवदासी म्हणून सोडत होते, 1982 ला कर्नाटकानं बंदीचा कायदा केला तरी लगेच कुठं थांबलं. गोष्टी नुसत्या गोष्टी नसतात, म्हणून गाळू नका, नीट सांगा.

पोथीवाला
पोरी सोडायचं पाप माणसांचं, ते देवीच्या गोष्टीवर कशाला ढकलता.

निपाणीची सून
ढकलत नाही हो. त्या पोरींनी घरोघर मागायचा जोगवा कुठनं आला तर ह्याच गोष्टीतनं ना, मग दोन्ही वेगळं कसं काढणार?

माहूरवारी
रेणुकेचं मूळ पीठ आमचं माहूर, साडेतीन शक्तिपीठांतलं. तिथं गोष्ट वेगळी आहे. जमदग्नीच्या चितेत रेणुका सती गेली, परशुराम रडायला लागला तशी आकाशवाणी झाली, आई जमिनीतनं वर येईल पण मागं वळून बघू नको, त्यानं बघितलंच, म्हणून जमिनीतनं नुसतं मुख वर आलं. ही सांगा पोरीला, ह्यात पोरगं आईसाठी रडतंय.

कडोलीचा गडी
आला का मूळ पीठवाला 😀 सौंदत्तीला जाऊन आलेल्या पोरीला माहूरची गोष्ट कशाला ओ? आणि आमच्याकडं मातंगीची, खालच्या समजल्या जाणाऱ्या जातीतल्या बाईची, गोष्ट पण आहे. रेणुका पळून तिच्या घरात लपली, दोघींची मुंडकी उडाली आणि जिवंत करताना अदलाबदल झाली. म्हणून देवीपुढं जातपात चालत नाही असं आज्जी म्हणायची. (घरात मात्र चालायची, ते सोडा.)

बेळगावी बाबा
सगळ्यांचं वाचलं. निपाणीच्या ताईंचं पटलं, थोडं. पण एक सांगतो, डोंगराचीच एक रीत आहे. आधी पायथ्याला जोगुळभावी, तिथं आंघोळ, लिंबाचा पाला, आणि मगच वर. म्हणजे नवऱ्यानं हाकललेली, अंगावर रोग असलेली, घरोघर तांदूळ मागणारी बाई आधी भेटते आणि मुंडक्याची गोष्ट नंतर. आमच्या आईनं मधलं जोगव्याचं सोडून डायरेक्ट कुऱ्हाडीवर उडी मारली तिथं गडबड झाली. काल रात्री लेकीला परत पहिल्यापास्नं सांगितली, कुऱ्हाडीसकट. मुंडक्याचं काहीच विचारलं नाही हो तिनं, विचारलं काय तर नुसत्या वाळूचा घडा खरंच होतो का. आता रविवारी करून बघायचाय म्हणते.

खानापुरी
मग सौंदत्तीपर्यंत कशाला जाताय, वाळूच्या घड्याची ती मलप्रभा नदी आमच्या कणकुंबीतनंच निघते की. खानापुरात या, तिचीच वाळू देतो पाहिजे तेवढी. चुंबळीला साप मात्र तुमचा तुम्ही आणा.