मदत हवी आहे: फेब्रुवारीत टांझानिया, सोबत ६९ वर्षांची आई, मणक्याचा त्रास आणि पिवळ्या तापाची लस

नमस्कार मंडळी,

पुढच्या फेब्रुवारीत आईला घेऊन टांझानियाला जायचं ठरवतेय. आई, मी आणि नवरा, तिघंच. आठ-नऊ दिवस. दीड महिना वाचतेय, चार ठिकाणांहून कोटेशन मागवून झाली, आणि आता काही गोष्टींवर घोडं अडलंय. इथे पूर्व आफ्रिकेत राहिलेले, जाऊन आलेले बरेच जण आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी आईबद्दल, कारण ट्रिप तिची आहे. आई माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत ३१ वर्षं शिक्षिका होती. आवडता विषय भूगोल. तेव्हाच्या पुस्तकात सॅव्हानाला ‘सुदान प्रदेश’ म्हणायचे. तो धडा आला की ती वर्गात नकाशा काढायची, गवताळ पट्टा पिवळ्या खडूने भरायची आणि विल्डबीस्ट या गाईसारख्या दिसणाऱ्या हरणांचं स्थलांतर समजावून सांगायची ते धनगरांच्या वाड्यावरून. दिवाळी झाली की आमच्याकडचे मेंढके कळप घेऊन कोकणच्या वाटेला लागायचे, वर्गातल्या दोन-तीन पोरांचे आईबापही त्यात असायचे. ‘तुमचा दादा जसा चाऱ्यामागे जातो, तशी ही जनावरं पावसामागे जातात,’ असं ती सांगायची. मी चौथीत तिच्याच वर्गात होते, मला तो पिवळा खडू अजून दिसतो.

मागच्या वर्षी बाबा गेले. त्यानंतर तिने स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट. मी केनियातलं मसाई मारा अभयारण्य आणि नदी ओलांडणारे कळप यांचे व्हिडिओ दाखवले, तर म्हणाली, ‘मगरीच्या तोंडात जाणारी नकोत मला बघायला. ती वितात कुठे, ते दाखव.’

शोधल्यावर कळलं की ती वितात एनडुटूच्या माळावर. टांझानियातल्या सेरेंगेटी उद्यानाच्या दक्षिण टोकाला, न्गोरोंगोरो संरक्षित क्षेत्राच्या हद्दीत. साधारण जानेवारी अखेर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत कळप तिथे असतात आणि त्यातल्या दोन-तीन आठवड्यांत लाखो पिल्लं जन्मतात. ज्वालामुखीच्या राखेची जमीन, त्यामुळे गवतात कॅल्शियम-फॉस्फरस भरपूर, दुभत्या माद्यांना तेच हवं. गवत आखूड, म्हणजे सिंह-तरस लांबून दिसतात. आणि सगळी एकदमच वितात, त्यामुळे शिकारी खाऊन खाऊन खाणार किती! हे वाचून दाखवलं तर आईने वहीत लिहून घेतलं. पिल्लू काही मिनिटांत उभं राहतं, या ओळीखाली तिने दोन रेघा मारल्या आहेत.

म्हणजे महिना आणि ठिकाण पक्कं आहे. ‘ऑगस्टमध्ये मारालाच जा’ असा सल्ला कृपया देऊ नका.

आता अडचणी.

पहिली, मणका. आईच्या कमरेच्या मणक्यात गॅप आहे, एल-४, एल-५. ऑपरेशन नाही झालेलं. रोज तासभर चालते, घरातलं सगळं करते, पण धक्के सोसत नाहीत. दोन वर्षांपूर्वी ताडोबाला गेलो होतो. जिप्सीतल्या दोन सफारी झाल्यावर तिसऱ्या दिवशी ती शेकायची पिशवी घेऊन खोलीत पडून होती, आणि वाघ दिसला नेमका त्या दिवशी. टांझानियात करातू गावापर्यंत डांबरी रस्ता आहे, पण न्गोरोंगोरो या जुन्या ज्वालामुखीच्या विवराच्या कड्यापासून पुढे एनडुटूपर्यंत कच्चा, पत्र्यासारख्या लाटा पडलेला रस्ता आहे असं वाचलं. हे अंतर तिला झेपेल का? लँड क्रूझरमध्ये जिप्सीपेक्षा खरंच कमी हादरे बसतात का? की आरुशा शहराहून छोट्या विमानाने थेट एनडुटूच्या धावपट्टीवर उतरावं? पण विमानाने गेलो तर वाटेतलं ओल्डुवाय राहील. मेरी लीकींना १९५९ मध्ये जिथे आदिमानवाची कवटी सापडली ती जागा. आई इतिहासही शिकवायची, तिला ते संग्रहालय बघायचंय.

दुसरी अडचण पिवळ्या तापाची लस. यात मी पुरती गोंधळले आहे. ही जिवंत विषाणूची लस आहे आणि साठीनंतर पहिल्यांदा घेतली तर गंभीर त्रास होण्याचं प्रमाण, दुर्मीळ असलं तरी, तरुणांपेक्षा जास्त असतं. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले, ‘टाळता येत असेल तर टाळा.’ केनियातून परतणाऱ्यांना भारतात येताना प्रमाणपत्र लागतंच, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. म्हणून केनिया वगळलं. पण नुसतं टांझानिया केलं तर? आणि जाता-येता अदिस अबाबाला विमान बदललं तर? अदिस स्वस्त पडतंय, पण इथिओपियाही पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत आहे.

इथे एक गोष्ट सांगते. कोटेशन देणाऱ्यांपैकी एका टूरवाल्याने फोनवर सांगितलं, ‘मॅडम, टेन्शन घेऊ नका, लस न टोचता पिवळं कार्ड करून देतो.’ पिवळं कार्ड म्हणजे लस घेतल्याचं प्रमाणपत्र. मी फोन ठेवला. आईला खोटा कागद हातात धरून विमानतळावर उभी करणार नाही. त्याच माणसाच्या पत्रकात फेब्रुवारीच्या सहलीवर ‘मारा नदीचा थरार’ असा फोटो होता. फेब्रुवारीत कळप तिथून कितीतरी दक्षिणेला असतात. आणि कार्यक्रम काय, तर सहा रात्रींत नैरोबी, मारा, सेरेंगेटी, न्गोरोंगोरो, रोज नवं हॉटेल. मारा आणि सेरेंगेटी नकाशावर खेटून आहेत, पण पर्यटकांना उद्यानातल्या उद्यानात सीमा ओलांडता येत नाही, लांबून वळसा घालावा लागतो. हे त्याने सांगितलंच नाही, मी शोधून काढलं. कोणी कोटेशन मागवत असाल तर एवढं नक्की तपासा.

तिसरी गोष्ट मोकळेपणानेच विचारते, कारण कुठल्याही पत्रकात ती लिहिलेली नसते. स्वच्छतागृह. आईला दर दोन तासांनी जावं लागतं. ताडोबाला ती सफारीच्या आदल्या रात्रीपासून पाणीच पीत नव्हती, ते मला नंतर कळलं. एनडुटूच्या माळावर दिवसभर बायकांनी काय करायचं? गाडीतून उतरू देतात का?

खर्चाचं फार विचारायचं नाही. तिघांचं विमानासकट अकरा-बारा लाखांत बसवायचंय, स्वतंत्र गाडी हवीच. जेवण शाकाहारी. आतापर्यंतचा कच्चा आराखडा असा: आरुशा १ रात्र, तरंगिरे उद्यान १, करातू १, एनडुटू ३, मध्य सेरेंगेटी १, परत करातू १. तरंगिरे ठेवलंय ते हत्तींसाठी आणि गोरखचिंचेसाठी. आमच्या गावाजवळ एक जुनी गोरखचिंच आहे. तिचं मूळ घर आईला बघायचंय.

यात काय काढू, काय ठेवू?

प्रतिसाद

ताई, मी टांझानियातच, दार एस सलामला अकरा वर्षं आहे, तो सगळा पट्टा पाच-सहा वेळा केलाय, एकदा सासूबाईंना घेऊन. त्या तेव्हा ७२ च्या होत्या.

मध्य सेरेंगेटी काढा. एका रात्रीसाठी जाऊन-येऊन जो रस्ता आहे तोच कंबर मोडतो. एनडुटूला सलग ४ रात्री एकाच कॅम्पवर राहा. पहाटे निघा, अकराला परत या, आईंना दुपारी आडवं होऊ द्या, चारला पुन्हा निघा. कळप तिथेच असतात, लांब जावं लागत नाही. शिवाय एनडुटूत वाट सोडून गाडी न्यायला परवानगी असते, सेरेंगेटी उद्यानात नसते. त्यामुळे पिल्लं जवळून दिसतील. फक्त विणाऱ्या मादीच्या फार जवळ जाऊ नका, असं ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा. ती उठून पळाली तर पिल्लू मागे राहतं.

जाताना रस्त्याने जा, म्हणजे ओल्डुवाय होईल. येताना एनडुटूहून आरुशाला विमानाने या. विमान छोटं असतं, माणशी साधारण १५ किलो आणि तेही मऊ बॅगेत. चाकांची कडक बॅग नको. लँड क्रूझरमध्ये आईंना मधल्या रांगेत बसवा. मागची रांग चाकांवर येते, सगळे हादरे तिथे. कमरेचा पट्टा आणि पाठीला छोटी उशी घरून आणा. छप्पर वर उचललं जातं, पण उभं राहायलाच हवं असं नाही, खिडकीतून सगळं दिसतं.

स्वच्छतागृहं न्गोरोंगोरोच्या फाटकावर, ओल्डुवायला आणि विवराच्या तळाशी सहलीच्या जागी आहेत. एनडुटूच्या माळावर नाहीत. तिथे ड्रायव्हर मोकळी, चारी बाजूंनी नजर पोचेल अशी जागा बघतो, आधी गाडीने फेरी मारून खात्री करतो आणि मग गाडीच्या आडोशाला उतरायचं. सगळ्या बायका हेच करतात, ड्रायव्हर लोक फार अदबीने वागतात. आईंना सांगा, पाणी बंद करू नका. सासूबाईंसाठी मी एक जुनं लुगडं नेलं होतं, आडोसा धरायला. सगळ्यात जास्त उपयोग त्याचा झाला.

आणि प्लास्टिकच्या पिशव्यांना २०१९ पासून बंदी आहे. दशम्या-चटण्या डब्यात किंवा कापडात बांधून आणा.

प्रतिसाद

मी फिजिशियन आहे. आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा. तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं योग्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशांत केनिया आणि इथिओपिया आहेत, टांझानिया नाही. त्यामुळे नैरोबी आणि अदिस दोन्ही टाळणारा मार्ग घ्या. दोहामार्गे किलिमांजारो विमानतळ किंवा मुंबईहून थेट दार एस सलाम. थोडे पैसे जास्त जातील, पण लसीचा प्रश्नच उरत नाही. तरीही तिकीट काढण्याआधी मुंबई विमानतळाच्या आरोग्य कार्यालयाला आणि विमान कंपनीला लेखी विचारा, उत्तर छापून जवळ ठेवा. वैद्यकीय कारणाने लस नको असं पत्र अधिकृत पुस्तिकेतच देता येतं, पण ते मानायचं की नाही हे त्या त्या देशाच्या अधिकाऱ्यावर असतं. त्यावर विसंबून नैरोबीमार्गे जाऊ नका.

मलेरियाच्या गोळ्या मात्र टाळायच्या नाहीत. आईंची चालू औषधं दाखवून कुठल्या ते ठरवा. प्रवास विम्यात विमानाने रुग्ण हलवण्याची सोय आहे का ते बघा. माळावरून आरुशा-नैरोबीला न्यायची वेळ आली तर तोच आधार.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आईला सगळं वाचून दाखवलं. मध्य सेरेंगेटी काढलं, एनडुटू ४ रात्री केल्या, परतीचं विमान धरलं. अदिसचं तिकीट काढणार नाही, दोहाचं बघतेय. आरोग्य कार्यालयाला आजच मेल केलाय, उत्तर आलं की इथे लिहीन, पुढच्यांना उपयोगी पडेल.

आईने लुगड्याचं ऐकलं आणि कपाटातून आजीचं हिरवं नऊवारी काढून उन्हात टाकलंय.

एकच विचारायचं राहिलं. दारच्या ताई/दादा, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापेक्षा दुसरा-तिसरा आठवडा बरा का? आईला निदान एक पिल्लू उभं राहताना दिसायला हवं. तारखा शुक्रवारपर्यंत कळवायच्या आहेत.